बारावीचं समाजशास्त्र: घोकंपट्टी सोडून अभ्यास कसा करावा

नागपुरात पोरगं आर्ट्सला गेलं की घरी येणारे पाहुणे दोन प्रश्न हमखास विचारतात. 'सायन्स काहून नाही घेतलं?' आणि 'समाजशास्त्र म्हणजे नागरिकशास्त्रच ना?' पहिल्याचं उत्तर ज्याचं त्यानं द्यावं. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असं आहे, पण ते मलाही उशिराच कळलं. सराव परीक्षेत 'सामाजिक नियंत्रण' या प्रश्नावर मी तीन पानं भरली होती. पोलीस, कोर्ट, आजीचे संस्कार, सगळं ओतलं. सरांनी समासात लाल पेनानं एवढंच लिहिलं, 'व्याख्या कुठे आहे?'

पहिलं काम: संज्ञांची वही

गाइड नंतर, आधी बालभारतीचं पुस्तक. ते संकेतस्थळावर मोफत मिळतं. शंभर पानी वही घ्या आणि एका पानावर एकच संज्ञा लिहा. वर पुस्तकातली व्याख्या जशीच्या तशी आणि खाली तुम्ही स्वतः पाहिलेलं एक उदाहरण. या विषयात फसवतात ते अवघड शब्द नव्हेत, रोजचे शब्द. 'संस्था' म्हटलं की आपल्याला शिक्षणसंस्था आठवते, पतसंस्था आठवते. समाजशास्त्रात विवाह ही संस्था आहे, कुटुंब ही संस्था आहे. 'दर्जा' म्हणजे क्वालिटी नाही, तर समाजातलं स्थान. जन्मानं मिळतो तो अर्पित आणि कमावलेला तो अर्जित. एवढा घोळ आधी मिटवला की पुढचे धडे निम्मे हलके होतात.

दुसरं: वही घेऊन बाहेर पडा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालकडे मारबत, म्हणजे वाईट गोष्टींच्या पुतळ्यांची मिरवणूक, पाहायला जाताच ना, यंदा वही सोबत न्या. काळी मारबत, पिवळी मारबत आणि त्यांच्यामागं बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे. बडग्यांवरच्या पाट्या उतरवून घ्या: महागाई, भ्रष्टाचार, रस्त्यातले खड्डे, कधी एखादा पुढारी. आता स्वतःला विचारा, इथं शिक्षा कोण करतंय? कायदा नाही, पोलीस नाही. गल्ली करतेय, टिंगल करून. पुस्तकात 'अनौपचारिक सामाजिक नियंत्रण' म्हणतात ते हेच. माझ्या तीन पानांत नेमकं हे एक उदाहरण नव्हतं, आणि मी दरवर्षी मारबतीत 'घेऊन जा गे मारबत' ओरडत होतो!

औद्योगिकीकरणासाठी एम्प्रेस मिल घ्या. जमशेदजी टाटांनी 1877 मध्ये सुरू केलेली ही गिरणी बंद पडली आणि तिच्या जागेवर आता मॉल उभा आहे. ओळखीत जुना गिरणी कामगार असेल तर त्याच्याजवळ अर्धा तास बसा. भोंगा, पाळी, चाळ, संप यांबद्दल तो जे सांगेल ते कुठल्याच गाइडात सापडणार नाही.

तिसरं: विचारवंतांना एकमेकांशी भिडवा

फ्रेंच विचारवंत ऑगस्त कॉम्त यांनी 1838 मध्ये या शास्त्राला नाव दिलं, मुंबई विद्यापीठात हा विभाग 1919 मध्ये सुरू झाला, वगैरे पाठच करायचं आहे, करून टाका. खरा वेळ द्यायचा तो कल्पनांना. 'संस्कृतीकरण' म्हणजे संस्कृत शिकणं असं लिहिणारे दरवर्षी निघतात. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी कर्नाटकातल्या कूर्ग भागाच्या अभ्यासातून, 1952 च्या पुस्तकात, ही कल्पना मांडली: खालची मानलेली जात वरच्या जातीच्या चालीरीती, खाणंपिणं, विधी उचलते आणि वरचं स्थान मागते. शिडी तीच राहते, पायरी बदलते.

आता दीक्षाभूमीवर या. 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांसोबत लाखो लोकांनी धम्म स्वीकारला. हे संस्कृतीकरण का नाही? कारण इथं वरची पायरी मागितलेली नाही, शिडीच नाकारली आहे. हा फरक तुम्हाला आपल्या शब्दांत सांगता आला, की सामाजिक परिवर्तन आणि सामाजिक चळवळी या दोन्ही धड्यांत तो कामी येतो.

चौथं: उत्तर लिहिणं

पहिल्या दोन ओळींत व्याख्या, मग वैशिष्ट्यं, मग एक उदाहरण. एकच, पण नेमकं. 'फरक स्पष्ट करा' या प्रश्नात दोन्ही बाजूंचे मुद्दे समोरासमोर यायला हवेत. डावीकडे उगम आणि उजवीकडे उदाहरण असं झालं तर तो फरक होत नाही. आणि 'आपले मत लिहा' म्हणजे भाषण ठोका असं नव्हे. मताला कारण द्या, कारणाला संज्ञा जोडा.

पाचवं: प्रकल्प

लेखी परीक्षा 80 गुणांची, उरलेले 20 अंतर्गत. नेटवरून छापून आणलेला प्रकल्प शिक्षकांना दुरून ओळखू येतो, त्यापेक्षा आपल्याच मोहल्ल्यातली वीस घरं धरा. आधी परवानगी मागा, प्रकल्पात कोणाचं नाव लिहू नका आणि जात, पगार असले प्रश्न तर टाळाच.

सगळी मेहनत प्रश्न तयार करण्यात आहे. 'तुमच्या घरी स्त्री-पुरुष समानता आहे का?' असं विचारलं की वीसही घरांतून 'हो, आहे ना' येणार आणि तुमचा तक्ता वाया जाणार. त्याऐवजी विचारा, 'काल रात्री जेवणानंतर भांडी कोणी घासली?' आमच्या शेजारच्या काकूंना हे विचारलं तेव्हा काका सोफ्यावरून म्हणाले, 'आमच्याकडे सगळे मिळून करतो.' काकू काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या आणि ओले हात पदराला पुसत आत गेल्या. तक्त्यात मी काकांचं उत्तर लिहिलं. निरीक्षणाच्या रकान्यात काकूंचं हसू.