ग्राफवरून रेषेचं समीकरण काढायचं कसं

ग्राफ समोर आला की आधी कोपऱ्यात लिहिलेलं प्रमाण वाचा आणि मगच चौकटी मोजा, हे मी दहावीतल्या भाचीला रोज सांगते, कारण वाय = एमएक्स + सी (एम म्हणजे रेषेचा चढ) सगळ्या पोट्ट्यांना पाठ असतं, मार्क जातात ते प्रमाण न बघितल्यामुळे.

आपल्या नागपूरच्या मे महिन्यातलंच घ्या ना. कूलरची टाकी भरली आणि दर तासाला किती पाणी उरलं त्याचा ग्राफ काढला. आडव्या अक्षावर 1 सेमी म्हणजे 1 तास, उभ्यावर 1 सेमी म्हणजे 5 लिटर. रेष उजवीकडे उतरत जाते.

आता असे दोन बिंदू शोधा जिथे रेष चौकटीच्या बरोबर कोपऱ्यातून जाते, अंदाजपंचे मधलाच बिंदू घेऊ नका, आणि जमेल तेवढे लांबलांबचे घ्या म्हणजे वाचताना जरा चुकलं तरी चढ फार बिघडत नाही. इथे (2, 30) आणि (6, 10) मिळाले. चढ म्हणजे वायमधला फरक भागिले एक्समधला फरक, वर ज्या बिंदूपासून सुरुवात केली खाली पण त्याच्याचपासून करायची: (10 - 30) / (6 - 2) = -20/4 = -5. तासाला 5 लिटर पाणी चाललंय. रेष उतरती आहे तर चढ वजाच यायला पाहिजे, अधिक आला तर वजाबाकीत क्रम उलटला समजा.

रेष उभ्या अक्षाला जिथे कापते तो सी. इथे 40, म्हणजे भरलेली टाकी. तो भाग ग्राफवर दिसतच नसेल तर कोणताही एक बिंदू टाका: 10 = -5 × 6 + सी, सी 40च येतो. झालं, वाय = -5एक्स + 40.

आता भाचीने काय केलं तर नुसत्या चौकटी मोजल्या, 4 खाली 4 उजवीकडे, चढ -1, समीकरण वाय = -एक्स + 40. मी म्हटलं 8 टाकून बघ बरं. तिला 32 लिटर मिळाले आणि ग्राफवर तर 8 तासांनी टाकी रिकामी! म्हणून न वापरलेला तिसरा बिंदू टाकून बघायचाच, (4, 20) टाका, -20 + 40 = 20, जुळतं.

रेष एकदम उभी असली तर मात्र चढ काढत बसू नका, खाली शून्य येतं आणि शून्याने भागता येत नाही, ती आडव्या अक्षाला जिथे कापते तेच सरळ लिहायचं, 3 वर कापत असेल तर एक्स = 3.