दोन पर्याय उरतात आणि नेमका चुकीचाच गोल रंगतो? क्लॅटच्या लॉजिकल रीझनिंगमधल्या या चुका टाळा

"सर, दोन पर्यायांपर्यंत बरोबर येते, पण शेवटी चुकीचाच गोल रंगवते." मॉक पेपर झाला की हे वाक्य कुणी ना कुणी म्हणतंच. क्लॅट म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा. तिच्या 120 प्रश्नांपैकी 22 ते 26 लॉजिकलचे असतात आणि प्रत्येक चुकीला 0.25 गुण कापले जातात. म्हणजे चार चुकांमागे एक बरोबर उत्तर पाण्यात.

उताऱ्याशी वाद घालणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. समजा उताऱ्यात म्हटलंय: एका कॉलेजने हेल्मेटसक्ती केली, पुढच्या वर्षी कॉलेजच्या रस्त्यावरचे अपघात निम्म्यावर आले, म्हणजे हा हेल्मेटसक्तीचाच परिणाम. हा युक्तिवाद सर्वांत जास्त कशाने कमकुवत होईल?

अ) बऱ्याच विद्यार्थ्यांना हेल्मेट गैरसोयीचं वाटतं.
ब) सक्ती सुरू झाली त्याच महिन्यात त्या रस्त्यावर गतिरोधक बसवले गेले.

पुण्यातली मुलं हटकून 'अ' निवडतात. हेल्मेट म्हटलं की आमच्याकडे पेपर बाजूला राहतो आणि घरातली चर्चा सुरू होते! गैरसोय होत असेलही, पण अपघात का घटले याच्याशी तिचा काय संबंध? 'ब' मात्र घट होण्याचं दुसरं कारण समोर ठेवतो. एका मुलीने विचारलं, "हेल्मेट डोकं वाचवतं, अपघात कसा टाळेल?" शंका रास्त आहे, पण ती पर्यायांत नव्हती. उत्तर दिलेल्या पर्यायांतूनच निवडायचं असतं.

गृहीतक उलटवून न बघणं

याच उताऱ्याचं गृहीतक, म्हणजे न सांगता धरून चाललेली गोष्ट विचारली, तर पर्याय नाकारून बघा. 'सगळे विद्यार्थी रोज हेल्मेट घालत होते' हे उलटवलं की एक-दोघं घालत नव्हते, एवढंच निघतं. युक्तिवादाला धक्काही लागत नाही. आता 'अपघात कमी करणारा दुसरा कोणताही बदल तेव्हा झाला नाही' हे उलटवा. असा बदल झाला होता म्हटल्याबरोबर युक्तिवाद लटपटतो. हेच गृहीतक. 'सगळे', 'नेहमी', 'कधीच नाही' असे शब्द दिसले की ही चाचणी लावाच.

'तर' आणि 'तरच' यांची गल्लत

क्लॅटसाठी खुल्या प्रवर्गात बारावीला 45 टक्के लागतात. 45 टक्के असतील तरच प्रवेश, हे खरं. पण 45 टक्के आहेत म्हणून प्रवेश मिळेलच, असं कोण म्हणेल? घरच्या उदाहरणात सगळ्यांना कळतं, पण उताऱ्यात 'ओन्ली इफ' किंवा 'अनलेस' आलं की अट आणि परिणाम यांची अदलाबदल होते. मराठी माध्यमातल्या मुलांना मी सांगतो, ते वाक्य मनातल्या मनात 'तरच' किंवा 'नाहीतर' घालून मराठीत म्हणून बघा.

'काही'चंही तसंच. "काही जण आले" म्हटलं की आपण धरून चालतो, काही आले नाहीत. तर्कशास्त्रात 'काही' म्हणजे किमान एक, कदाचित सगळेसुद्धा.

दोन परीक्षांना एकच तयारी

2020 पासून क्लॅटचा पेपर उताऱ्यांवर आधारलेला आहे. नुसती नातेसंबंधांची आणि दिशांची कोडी सोडवत बसलात, तर उताऱ्यातला युक्तिवाद तपासायचा सराव होणार नाही. राज्याच्या लॉ सीईटीत, म्हणजे राज्यातल्या विधी महाविद्यालयांच्या प्रवेश परीक्षेत, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे तिथे एकही प्रश्न सोडू नका. क्लॅटमध्ये दोनच पर्याय उरले असतील तर अंदाज फायद्याचा. चारही सारखेच वाटत असतील तर मी पुढे जायला सांगतो, कारण वेळ जास्त मोलाचा.

चुकांच्या वहीत 'सिली मिस्टेक' लिहिणं

हा शब्द मी खोडायला लावतो. त्याऐवजी दोन ओळी लिहा: चुकीचा पर्याय मला का आवडला आणि उताऱ्यातल्या कोणत्या शब्दाने तो बाद होतो. हेल्मेटवाल्या मुलीच्या वहीत पहिल्या दोन आठवड्यांत "मला तसं वाटतं म्हणून" हे कारण अकरा वेळा होतं.