तोंड सतत कोरडे पडत असेल तर या चुका टाळा

एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरून चालत आलेल्या कोणाच्याही घशाला कोरड पडते आणि माठातले पेलाभर पाणी पोटात गेले की ती जातेही. येथे विचार करायचा आहे तो वेगळ्या कोरडेपणाचा. रात्री जीभ टाळ्याला चिकटून जाग येणे, खारीचा किंवा भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय खाली न उतरणे, आजवर घट्ट बसणारी कवळी बोलता बोलता हलू लागणे, अशी लक्षणे कित्येक आठवडे टिकली, तर उणीव पाण्यापेक्षा लाळेची असण्याची शक्यता अधिक. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती अन्नातील आम्ल सौम्य करते, दातांना खनिजे परत पुरवते आणि बुरशीला आळा घालते. ही कामे नुसत्या पाण्याने होत नाहीत, म्हणून ‘भरपूर पाणी प्या’ या एकाच सल्ल्यावर भिस्त ठेवणे ही पहिली चूक होय.

पाणी प्यावेच, मात्र तांब्याभर पाणी एकदम पिण्याऐवजी जवळ बाटली ठेवून घोट-घोट घ्यावे आणि क्षणभर तोंडात फिरवून मग गिळावे. ज्यांना हृदयविकारामुळे किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले आहे, त्यांनी हे घोटही त्याच हिशेबात धरावेत.

गोळ्यांचा डबा न तपासणे

सततच्या कोरडेपणाचे सर्वांत नेहमीचे कारण औषधे हे आहे आणि नेमके तेच सर्वांत शेवटी तपासले जाते. पेठेतल्या एखाद्या सत्तरीच्या गृहस्थांचा आठवड्याचा डबा उघडून पाहावा: सकाळी रक्तदाबाच्या गोळीसोबत लघवी वाढवणारी गोळी, रात्री पायांतील मुंग्यांसाठी अमिट्रिप्टिलिन, वारंवार लघवी लागते म्हणून सोलिफेनासिन आणि शिंका थांबाव्यात म्हणून स्वतःच दुकानातून आणलेली सेट्रिझिन. या प्रत्येक गोळीने तोंड कोरडे पडू शकते. या सगळ्या एकत्र आल्यावर काय होत असेल, ते वेगळे सांगायला नको. त्यातच हृदयाचे डॉक्टर एक, लघवीच्या तक्रारीचे दुसरे आणि मेंदूविकारांचे तिसरे असले, की संपूर्ण यादी एकाही डॉक्टरांच्या नजरेखाली येत नाही.

हे लक्षात आल्यावर गोळ्या परस्पर बंद करणे ही मात्र मूळ चुकीहून मोठी चूक आहे. रक्तदाबाची गोळी सोडल्यास रक्तदाब चढतो आणि अमिट्रिप्टिलिन अचानक थांबवल्यास झोप उडणे, मळमळणे असे त्रास होऊ शकतात. सर्व औषधांची, अगदी सर्दीच्या गोळ्यांचीसुद्धा, एकच यादी करून ती नेहमीच्या डॉक्टरांना दाखवावी. मात्रा कमी करणे, घेण्याची वेळ बदलणे किंवा पर्यायी औषध देणे हे निर्णय ते घेऊ शकतात. शिंकांसाठी नाकात मारायचा फवारा किंवा लघवीच्या तक्रारीसाठी कोरडेपणा कमी आणणारे दुसऱ्या गटातील औषध अनेकदा चालण्यासारखे असते.

लिंबाची गोळी आणि आवळासुपारी

आंबट पदार्थ जिभेवर ठेवला की लाळ सुटते, हा अनुभव खरा आहे आणि म्हणूनच ही चूक दीर्घकाळ चालू राहते. लाळ कमी असताना तोंडात तयार झालेले आम्ल धुऊन निघत नाही. तोंडातील सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की दातांवरील कवच विरघळू लागते. दिवसभर लिंबाची गोळी चघळणाऱ्याच्या तोंडात ही स्थिती जवळजवळ कायम राहते आणि हिरड्या मागे सरकल्यामुळे उघड्या पडलेल्या मुळांना तर कीड फारच लवकर लागते. साखरविरहित आंबट गोळीतही आम्ल असतेच. दर तासाला अमृततुल्य चहाचा घोट घेण्याची सवयही, त्यातील साखरेमुळे, याच पंक्तीत बसते. चघळायचेच असेल तर झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असलेले, साखर नसलेले च्युइंगगम बरे, कारण चघळण्याच्या क्रियेनेच लाळ सुटते. सुपारीला मात्र, ती आवळ्याच्या नावाने आली तरी, थारा देऊ नये: ती कर्करोगकारक ठरलेली आहे आणि तिच्या सवयीने तोंड उघडणेही आखडत जाते.

तुरटीच्या गुळण्यांविषयीही येथेच सांगितले पाहिजे. तुरटी आवळते, ओलावा देत नाही. झोंबणारा, अल्कोहोलयुक्त माउथवॉशही टाळावा. मिश्री लावणाऱ्या आणि तंबाखू खाणाऱ्या व्यक्तींनी इतर उपाय शोधण्याआधी ती सवय सोडण्याचा विचार करावा.

रात्रीचा त्रास

झोपेत लाळ स्वभावतःच अतिशय कमी होते. त्यात नाक चोंदलेले असल्यामुळे तोंडाने श्वास घेतला जात असेल, तर पहाटेपर्यंत जीभ अक्षरशः वाळते. एसीमुळे खोलीतील हवा आणखी कोरडी होते, तर पाण्याचा कूलर तीत ओलावा आणतो. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हा फरक जाणवण्याइतका असतो. जोराने घोरणे आणि मध्येच श्वास अडखळणे असा प्रकार असल्यास तोंडाला पट्टी चिकटवून झोपण्याचे प्रयोग करू नयेत, कारण आधी निद्राश्वसनरोधाची, म्हणजे झोपेत श्वास वारंवार थांबण्याच्या विकाराची, तपासणी हवी. झोपण्यापूर्वी कृत्रिम लाळेचे जेल हिरड्यांना लावल्यास काही तास आराम मिळतो. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी आणि फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासल्यावर फेस थुंकून टाकावा, लगेच खळखळून चूळ भरू नये.

वयावर ढकलून देणे

‘वय झाले, असे व्हायचेच’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. ते सोयीचे असले तरी बहुतेक वेळा अपुरे असते. कोरडेपणासोबत तहान आणि लघवीचे प्रमाण वाढले असेल तर रक्तातील साखर तपासावी. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपत असेल, सांधे दुखत असतील, तर शोग्रेन विकाराची (यात शरीराची प्रतिकारशक्तीच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर हल्ला करते) शंका घेऊन संधिवाततज्ज्ञांना दाखवावे. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये कितीतरी अधिक आढळतो आणि तो बहुधा मध्यमवयात लक्षात येतो. जिभेवर पुसून निघणारा पांढरा थर, ओठांच्या कोपऱ्यांना भेगा, कानाखाली सूज किंवा गिळताना अडथळा असल्यास घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

मान किंवा चेहऱ्यावर किरणोपचार झालेल्यांच्या लाळग्रंथींना झालेली इजा बराच काळ टिकू शकते. ग्रंथींचा काही भाग शाबूत असल्यास डॉक्टर लाळ वाढवणारी पिलोकार्पिनची गोळी देतात. तिने घाम सुटतो आणि आटोक्यात नसलेला दमा किंवा काचबिंदूचा काही प्रकार असलेल्यांना ती चालत नाही, म्हणून ती शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून आणू नये.

तपासणीसाठी दंतवैद्याकडे जाता येते. धनकवडीतील भारती विद्यापीठ किंवा पिंपरीतील डी. वाय. पाटील यांसारख्या दंतमहाविद्यालयांत मुखरोगनिदानाचा स्वतंत्र विभाग असतो. तपासताना छोटा आरसा गालाच्या आतल्या बाजूला टेकवला जातो. तो सहज न निघता चिकटून राहिला, तर कोरडेपणा खरोखर आहे याची तेथेच खूण पटते. जाताना औषधांची यादी, अलीकडचे रक्ततपासणीचे अहवाल आणि कवळी असल्यास ती सोबत न्यावी. तपासणीपूर्वी तास-दीड तास काही खाऊ-पिऊ नये व चघळू नये, म्हणजे लाळेचे मोजमाप करायचे ठरल्यास ते त्याच भेटीत उरकते.