विकायला काढलेलं घर : ओलीवर रंग मारू नका

घर विकायचं ठरलं की लोक सगळ्यात आधी रंगाऱ्याला बोलावतात आणि घोळ तिथेच सुरू होतो. आधी पाण्याची कामं, मग गिलावा, मग दारं-खिडक्या, आणि रंग सगळ्यात शेवटी. हे मी इतक्यांना सांगून झालंय की हल्ली दारातच रंगाचे डबे दिसले की मी गप्प बसतो.

एका घरात बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला गुडघ्यापर्यंत ओल होती. मालकांना म्हटलं, दोन महिने थांबा. कसले थांबतात! कुठलासा व्हिडिओ बघून त्यांनी पुट्टीचे दोन हात मारले, वर वॉटरप्रूफ रंग दिला आणि पुढे कपाट सरकवलं. पहिली भेट छान झाली. दुसऱ्या भेटीला घेणाऱ्यांच्या सासूबाई आल्या. त्यांनी कपाटाच्या कडेने हात घातला आणि फुगलेल्या रंगावर अंगठा दाबला. तळहाताएवढा पोपडा सुटला, मागची पांढरी भुकटी त्यांच्या चपलेवर सांडली. बाई काही बोलल्या नाहीत. चप्पल झटकली आणि उरलेल्या सगळ्या खोल्यांच्या भिंती बोटाने वाजवत फिरल्या. सौदा तिथेच फिसकटला, आणि मग तेच काम दुप्पट झालं, कारण आता नवी पुट्टीही खरवडायची होती.

ती पांढरी भुकटी म्हणजे लोणा. भिंतीतलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि रंगाला ढकलतात. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा. धुतलात तर विरघळून परत भिंतीत.

पाणी कुठून येतंय ते कळल्याशिवाय मी थापी हातात घेत नाही. घरातले सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवतो, दोन तासांनी बघतो. आकडा सरकला तर एकतर पाइप गळतोय किंवा फ्लशची टाकी. टाकीत थोडा खायचा रंग टाका. फ्लश न करता भांड्यात रंग उतरला तर टाकीच. मीटर हलला नाही तर नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या जमिनीत जाळीखाली असतो तो, पाणी तिथूनच गटारात जातं) बोळ्याने घट्ट बंद करून बाथरूममध्ये दोन इंच पाणी एक दिवस तुंबवून ठेवायचं. (खाली कुणी राहत असेल तर त्यांना आधी सांगा, नाहीतर वेगळंच भांडण.) त्या सासूबाईंनी पोपडा काढलेल्या घरात ट्रॅपभोवतीचा सांधाच उघडा निघाला. सांधा भरला, गिलावा विटेपर्यंत काढला, भिंत वाळू दिली, नवा गिलावा केला. त्यानंतर रंगाआधी 28 दिवस. घाई असलेल्यांना हा आकडा ऐकवला की ते पंखा लावू का विचारतात. लावा, पण दिवस मोजायचे ते मोजायचेच. भिंत वाळली का हे बघायला मी फूटभर प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवतो. दोन दिवसांनी आतून दव दिसलं तर अजून थांबायचं.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे रंधा. पावसाळ्यात दार घासतंय म्हणून लगेच तासायला घेतात. लाकूड फुगलेलं असतं, कोरड्या दिवसांत ते आकसतं आणि मग फटीतून पलीकडचा उजेड दिसतो. आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळून बघा, निम्मी दारं तेवढ्यानेच ताळ्यावर येतात. तरी घासलंच तर कडेला खडू लावून दार मिटा आणि जिथला खडू पुसला गेला तेवढंच तासा.

सिंकच्या कडेला जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन मारू नका, धरत नाही.

भेगेवर नुसती पुट्टी नको. दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. भेग खुणेपुढे गेली तर इंजिनिअरला दाखवा.

विकायच्या घरात नवं स्वयंपाकघर बसवू नका. घेणारा तुमची आवड पहिल्याच महिन्यात उपटून टाकतो.

आणि भेटीच्या दिवशी रूम फ्रेशनर तर मुळीच नको. कसला वास दाबताय, हेच समोरच्याच्या डोक्यात येतं. त्यापेक्षा आदल्या दिवशी बंद खोलीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता. वापर नसला की ट्रॅप सुकतो आणि गटाराची हवा थेट घरात येते.