न्यू ऑर्लिन्समध्ये जेवायला जाताना वार बघा

सोमवारी इथे असाल तर मेन्यू उघडूच नका, सरळ रेड बीन्स अँड राइस मागवा. सोमवार हा या शहराचा पूर्वापार धुण्याचा वार. बीन्स मंद आचेवर रटरटत ठेवायचे आणि कपडे धुवायला बसायचं! वॉशिंग मशीन आलं, तरी बेत तोच राहिला. दिसायला अगदी राजमा-भात, पण शाकाहारी मंडळींनी सावध राहावं. ‘मीट नाही ना?’ एवढंच विचारलं तर वरचा सॉसेज काढून ताट पुढे येऊ शकतं. शिजवतानाच हॅम किंवा पोर्क घातलंय का, असं विचारा. बहुतेक वेळा घातलेलं असतं.

गंबो, म्हणजे इथला दाट रस्सा, मी रंगावरून जोखतो. त्यासाठी पीठ तेलात भाजतात, लाडवाच्या बेसनासारखं, पण त्याच्या कितीतरी पुढे, पार चॉकलेटी होईपर्यंत. फिकट गंबो मला तरी मिळमिळीत लागतो.

पो-बॉय सँडविच घेताना ‘ड्रेस्ड’ म्हणा, म्हणजे लेट्यूस, टोमॅटो, काकडीचं पिकल आणि मेयोनीज आत येतं. अर्धा मिळत असेल तर अर्धाच घ्या, पुरतो. टिप १८ ते २० टक्के धरून चला.

कॅफे दु माँद १८६२ पासूनचं. गर्दी असते, तरी जाच. चिकोरीची कॉफी फिल्टर कॉफीच्या जवळची. बेन्ये, म्हणजे इथले तळलेले डोनट, त्यांवर पिठीसाखरेचा डोंगर असतो, तेव्हा काळा शर्ट नको, आणि घास तोंडाशी नेताना हसू नका.