कादंबरीची सवय लागल्यावर लघुकथा लिहायला शिकताना

तीन कादंबऱ्या लिहून झाल्या होत्या, त्यामुळे लघुकथा म्हणजे तेच काम, फक्त पानं कमी, असं मी धरून चालले होते. तसं नाहीये हे कळायला मला जवळजवळ दोन वर्षं लागली, म्हणून जे आत्ता या वाटेला लागतायत त्यांच्यासाठी हे लिहितेय.

माझी पहिली कथा नऊ हजार शब्दांची झाली. बहीण-भाऊ, वडलांनी घर भावाच्या नावावर केलं, त्यावरून वीस वर्षं बोलणं बंद, आणि वडील गेल्यावर ती सामान आवरायला येते. मी सुरुवात केली लहानपणापासून, मग तिचं लग्न, मग घराचं भांडण, मग शेजारीण, मग वडलांचं आजारपण, सगळं घेतलं आणि सगळं पळत पळत सांगितलं. एका संपादकांनी कथा परत पाठवताना एकच ओळ लिहिली होती, हा कादंबरीचा सारांश वाटतो. चार दिवस मला काही सुचेना, पण ते अगदी खरं होतं.

आकड्यांचं आधी सांगून टाकते. विज्ञानकथा आणि फँटसीसाठी अमेरिकेत दिल्या जाणाऱ्या नेब्युला पुरस्काराच्या नियमात ७,५०० शब्दांच्या आत असेल तर ती शॉर्ट स्टोरी, ४०,००० पासून पुढे कादंबरी, आणि मधल्या लांबीचे आणखी दोन प्रकार. बाकी ठिकाणी मर्यादा वेगळ्या असतात, जिथे पाठवणार तिथली बघून घ्यायची, बस. खरा प्रश्न शब्दांचा नाहीच. अमेरिकन कथाकार एडगर ॲलन पोने १८४२ साली एका कथासंग्रहाच्या परीक्षणात लिहून ठेवलंय की कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिच्यातल्या प्रत्येक शब्दानं आधीच ठरवलेल्या एकाच परिणामाकडे जावं. हे मी कॉलेजपासून ऐकत आलेय, पण त्याचा अर्थ लिहिताना अडले तेव्हा कळला. कादंबरीत आपल्याला ‘हे पुढे बघू’ म्हणायची सवय असते, एखादं पात्र आणून ठेवायचं, एखादा धागा सोडून द्यायचा, शंभर पानांनी उचलू. कथेत ते ‘पुढे’ नसतंच. जे आणलं ते तिथल्या तिथे कामाला लागलं पाहिजे.

म्हणून आता मी लिहायला बसण्याआधी स्वतःला एकच विचारते, या माणसाच्या आयुष्यात असा कुठला तास आहे ज्यानंतर त्याला पहिल्यासारखं राहता येणार नाही? तो सापडला की त्याच्या जितकं जवळून सुरू करता येईल तितकं जवळून करायचं. बहीण-भावाच्या कथेत तो तास होता सामान आवरायचा. बाकी वीस वर्षं मी काढून टाकली. आधी पहिला परिच्छेद असा होता:

‘सुमनचं आणि तिच्या भावाचं वीस वर्षं बोलणं नव्हतं. वडलांनी घर एकट्या भावाच्या नावावर केल्याचं तिला फार लागलं होतं. ज्या घरात ती वाढली ते आता तिचं राहिलं नव्हतं.’

आता अशी सुरू होते:

‘“हात धुवायचे असतील तर बेसिन आतल्या बाजूला आहे,” भाऊ म्हणाला. सुमन क्षणभर थांबली. मग त्यानं दाखवलं तिकडेच गेली.’

ती याच घरात वाढलीय हे पुढे एका वाक्यात येतं, तेवढं पुरतं. घराचा कागद, भांडण, तिला काय वाटलं, यातलं काहीच सांगावं लागत नाही, कारण जन्मलेल्या घरात कुणी बेसिन दाखवलं की काय होतं ते वाचणाऱ्याला कळतं. हे जमलं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला हा प्रकार येऊ शकेल.

आणि काढलेलं ते सगळं वाया गेलं असं अजिबात समजू नका. अमेरिकन लेखक हेमिंग्वेनं १९३२ मध्ये लिखाणाला हिमनगाची उपमा दिली होती, त्याचा आठवा भागच पाण्यावर असतो, तसं बरंचसं न सांगता ठेवता येतं, पण लेखकाला खालचं माहीत असलं तरच ते चालतं. मला वाटतं इथे कादंबरी लिहिणाऱ्याला फायदाच आहे, आपल्याला खालचे सात भाग रचायची सवय असते! फक्त ते वहीत ठेवायला शिकायचं. मी अजूनही पात्रांची पाचसहा पानं टिपणं काढते, कथेत त्यातली चार वाक्यं येतात.

नावांचं एक लक्षात ठेवा. पात्राला नाव दिलं की वाचक त्याची वाट बघत बसतो. माझ्या पहिल्या खर्ड्यात अकरा नावं होती, आता एकच आहे, सुमनचं.

शेवट मला सगळ्यात जड गेला, अजूनही जातो. कादंबरीत वाचकानं आपल्याबरोबर इतके दिवस काढलेले असतात की निरोप नीट घ्यावासा वाटतो, कोणाचं काय झालं ते सांगावंसं वाटतं, आणि तेच हाताला लागलेलं असतं. आता मी शेवटचा परिच्छेद लिहून झाला की तो झाकून कथा मोठ्याने वाचते, आणि दहातल्या सहा-सात वेळा तरी ती त्याच्या आधीच संपलेली असते.

सवय करायची असेल तर एक खोली, दोन माणसं, एक तास, १,५०० शब्द, एवढंच घेऊन चार-पाच कथा लिहा, पाठवायचा विचार न करता. कादंबरीसारखं रोजचं ठरलेलं पान लिहून कथा पुढे सरकत नाही, निदान माझी तरी नाही, पहिला खर्डा दोन-तीन बैठकीत होतो आणि मग महिनाभर नुसतं काढणं-घालणं चालतं. आणि दुसऱ्यांच्या कथा वाचताना एकदा गोष्टीसाठी वाचा, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, लेखक कुठे वेळ ओलांडून गेला आणि तिथे काय सांगितलं नाही, तिथे खूण करा. मला यातून जेवढं मिळालं तेवढं लेखनावरच्या पुस्तकातून नाही मिळालं.

बहीण-भावाची कथा शेवटी २,४०० शब्दांची झाली आणि छापून आली. त्या नऊ हजारांत एक शेजारीण होती, जिच्याकडे घराची दुसरी किल्ली असायची. तिला काढताना फार जिवावर आलं होतं. सध्या तिच्यावरच लिहितेय, तिसरा खर्डा चालू आहे, आणि सुरुवात होते ती किल्ली परत मागायला कुणीतरी दारात उभं राहतं तिथून.