रविवारच्या ब्लॉकआधी: पॉइंट मोजायची तयारी

ब्लॉक (कामासाठी गाड्या थांबवलेला वेळ) सुरू झाला की पहिला अर्धा तास "टेप कुणाकडे आहे रे?" यातच जातो, म्हणून शनिवारी रात्रीच पिशवी भर. पोलादी टेप, गेज-कम-लेव्हल (दोन रुळांमधलं अंतर आणि उंचीतला फरक मोजायचं हत्यार), फूटभर स्टीलची पट्टी, मीटरभर लांबीची सरळ धार, खडू, तारेचा ब्रश, चिंध्या, टॉर्च. गेज-कम-लेव्हल आधी तपासून घे, तेच चुकीचं दाखवत असेल तर दिवसभराची मापं वाया. लाल झेंडी आणि जॅकेट सांगायला नकोच.

कोणता पॉइंट (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारी रुळांची जोडणी) आहे ते घरीच नकाशावर बघ. १२ ला १ (१२ लांबीला १ फाकणारा) असेल तर टंग रेल (सरकणारी निमुळती रेल) १०.१२५ मीटरची, साडेआठला १ असेल तर ६.४ मीटरची. शंका आली तर क्रॉसिंगवर (दोन मार्गांचे रूळ एकमेकांना छेदतात तिथे) दोन खुणा कर: दोन रुळांच्या धारा १० सेंटिमीटर फाकतात तिथे एक, २० सेंटिमीटर फाकतात तिथे दुसरी. खुणांमध्ये १२० सेंटिमीटर भरले तर १२ ला १, ८५ भरले तर साडेआठला १. वर्तमानपत्रात पॉइंटला सांधा म्हणतात, आपल्यात पॉइंटच.

आता वहीत तीन रकाने आखून ने, दोन नव्हे. गेज (दोन रुळांमधलं अंतर), चेक रेलची (क्रॉसिंगसमोर चाकाला आतून धरणाऱ्या रेलची) फट आणि तिसरा वजाबाकीचा, गेज वजा फट. नवी पोरं इथेच फसतात. चाकजोडीच्या दोन चाकांच्या पाठी एकमेकींपासून १६०० मिमीवर. त्यात नव्या चाकाच्या फ्लँजचे (चाकाच्या बाहेर आलेल्या कडेचे) सुमारे २८.५ मिळव, झाले १६२८.५. काँक्रीट स्लीपरवर गेज १६७३. चेक रेलची फट ४१ असेल तर उरतात १६३२, म्हणजे नोजपासून (क्रॉसिंगच्या अणकुचीदार टोकापासून) चाक साडेतीन मिमी दूर. फट ४५ झाली की उरतात १६२८. फटीची मर्यादा पाळली, पण हाताशी काहीच राहिलं नाही. आणि गेज १६७१ वर आवळलेलं, फट ४४? दोन्ही आकडे सुटे सुटे बघितले तर कुणाला खटकणार नाहीत, पण उरले १६२७, आणि चाक नोजला धडकणार. म्हणून गेज नोजसमोरच, चेक रेलच्या मापाच्या ठिकाणीच घे. दोन मीटर अलीकडचं गेज इथे कामाचं नाही.

जुन्या वहीत चेक रेलच्या फटीला ४४ ते ४८ दिसले तर गोंधळू नकोस. ते १६७६ गेजचे आकडे, म्हणजे १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली त्याच साडेपाच फुटी गेजचे. गेज तीनने घटलं, तशी फटही तीनने घटली, वजाबाकी तीच.

विंग रेलची (नोजच्या दोन्ही बाजूंच्या रेलची) फटही मोज. नोजची झीज सरळ धार ठेवून बघ, १० मिमीच्या पुढे चालत नाही. टंग रेलचं टोक ब्रशने घासून मगच तपास, वंगणाखाली तुटलेली कड दडते: टोकापासून मीटरभरात सगळे तुकडे मिळून २०० मिमी भरले तर ती बदलायची. ठाण्यात ९ आणि १० नंबर प्लॅटफॉर्मला वाशी-पनवेलची प्रत्येक गाडी फिरून परत जाते, पॉइंटला उसंत नाही. तिथे आधी जा. जूननंतर खडीत अडकलेल्या प्लास्टिकसाठी एक माणूस वेगळा धर.

सिग्नलवाल्यांना आदल्या दिवशी फोन कर. ५ मिमीचा तुकडा टंग रेल आणि स्टॉक रेल (टंग रेल जिला टेकते ती पक्की रेल) यांच्या मधे, टोकापासून १५० मिमीवर घातला की पॉइंट लॉक होता कामा नये, ही चाचणी त्यांच्यासोबतच.

ब्लॉक सोडायच्या आधी हत्यारं मोज. माझा एक पाना एकदा टंग रेल आणि स्टॉक रेलच्या मधे राहिला होता, पॉइंट काही केल्या लागेना, आणि स्लो लाइनवर लोकल उभी. तेव्हापासून मी पान्याला लाल फडकं बांधतो.